मांडणीला मत

दर गुरुवारी दुपारी चार वाजता आम्ही देश चालवायचो. जागा राज्यशास्त्र विभागाच्या मागची खोली, हजेरी वीस-बावीस, चहा ज्याचा त्याने. मंडळाचं नाव 'विचारवेध'. मी आमरीन, मंडळाची चिटणीस. म्हणजे बाकीच्यांनी बोलायचं आणि मी लिहायचं. दोन वर्षांत मी एकोणचाळीस ठराव लिहिले. संघराज्याची फेररचना कशी करावी हे आम्ही दिल्लीला कळवलं. सागरी हद्दीवरून भांडणाऱ्या दोन परक्या देशांना समज दिली. मराठवाड्याचं पाणी तर तीनदा वाटून झालं. एकाही पत्राला उत्तर आलं नाही, आणि आमचा अध्यक्ष सुदर्शन म्हणायचा, उत्तर सुचत नाही म्हणूनच ते गप्प आहेत.

सुदर्शन वैजापूरचा. घरी बागायती जमीन, इथं पीएचडीचं सहावं वर्ष, आणि दोन्ही ठिकाणी काम दुसरेच करायचे. त्याने मंडळाला एक रीत घालून दिली होती आणि तिचं त्याला भारी कौतुक. विषय ठरला की डब्यात दोन चिठ्ठ्या टाकायच्या, एक 'बाजूने', एक 'विरोधात'. दोन वक्त्यांनी त्या उचलायच्या आणि जी निघेल ती बाजू मांडायची, स्वतःचं मत खुंटीला टांगून. "आपली बाजू कोणीही मांडतं," सुदर्शन म्हणायचा, "दुसऱ्याची मांडता आली तर तो विचारवंत." मग मतदान. तेही कोण बरोबर यावर नाही, कोणी चांगलं मांडलं यावर. जो जिंकेल त्याची बाजू हाच मंडळाचा ठराव, आणि तो दुसऱ्या दिवशी शिक्का मारून संबंधितांकडे रवाना. या रीतीने आम्ही एकदा लोकशाहीच्याच विरोधात ठराव केला होता, कारण तिच्या बाजूने बोलणाऱ्या याह्याचा त्या दिवशी घसा बसला होता. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. वाचतंय कोण, असंच मी धरून चालले होते.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तनुजा अर्ध्या दिवसाची रजा काढून आली. ती मंडळात नव्हती, पण मी तिला अभ्यासिकेत रोज बघायचे. सोयगावची मुलगी, मुकुंदवाडीत मामाकडे राहायची. दोन खोल्यांत सात माणसं. दहा ते पाच एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायची आणि तिथून थेट विद्यापीठाच्या अभ्यासिकेत. दहा वाजता तिथली शिपाई साळूबाई कुलूप घेऊन उभी राहीपर्यंत तिची मान वर व्हायची नाही. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दहा आठवड्यांवर होती. मामाने या एका परीक्षेपुरतंच तिला ठेवून घेतलं होतं. नंतर ती सोयगावला परत.

तिने मोबाईलमध्ये काढलेला नोटिशीचा फोटो दाखवला. मुलींच्या सुरक्षिततेसाठी अभ्यासिका त्यांच्यापुरती संध्याकाळी सहाला बंद करण्याचा विचार आहे. मुलांची वेळ दहापर्यंत कायम. सूचना शुक्रवारी पाचपर्यंत द्याव्यात.

"माझी लॅबच पाचला सुटती," ती म्हणाली. "इथं पोचायला पावणेसहा. मग मी वाचू कधी? तुम्ही फक्त एक पत्र द्या, दादा, अन् वीस सह्या. माझ्या एकटीच्या अर्जाला कोण विचारतंय? तुमचा शिक्का असला तर बघतील तरी."

आमच्यातल्याच संघपालने लगेच माझ्या वहीतला कागद फाडला. "दोन ओळी लिही गं आमरीन. मी आत्ता नेऊन देतो. दहा मिनिटांचं काम हाय."

"संघपाल," सुदर्शन डोळे मिटून म्हणाला, "चर्चेशिवाय सह्या म्हणजे झुंडशाही."

त्याचा चेहरा खुलला होता. चाळिसावा ठराव आणि तोही जिवंत विषयावर! तनुजा सभासद नाही म्हणून तिच्याकडून अर्ज भरून घेतला. ज्याची झळ त्याचीच जीभ, असं म्हणत तिला वक्ता केलं. समोर मी. विषय फळ्यावर लिहिला: 'अभ्यासिका मुलींसाठी सहाला बंद करावी.' तनुजाने डब्यात हात घातला आणि चिठ्ठी उलगडली. 'बाजूने.'

"ही माझी नाय," ती म्हणाली. "बदलून द्या."

"सगळ्यांना पहिल्यांदा असंच वाटतं," सुदर्शन म्हणाला. "अगं, हा सराव आहे. तुझं खरं मत आम्हाला ठाऊक आहेच की."

"मग बोलल्यावर पत्र देणार ना?"

"चर्चेतून जे निघेल ते देणारच."

डबा माझ्या हातात होता. चिठ्ठ्या बदलायला कितीसा वेळ लागला असता? मी बदलल्या नाहीत. नियम तो नियम, असं मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर सोपी बाजू आपल्याला आली म्हणून मी खूशही झाले होते.

आधी मी बोलले. घटनेची कलमं सांगितली, स्वातंत्र्य सांगितलं, 'सार्वजनिक अवकाश' हा शब्द सहा वेळा वापरला. आठ मिनिटांत एकदाही मी असं म्हटलं नाही की समोर बसलेल्या या पोरीची नोकरी पाचला सुटते. ते मला फार किरकोळ वाटलं.

मग तनुजा उठली. तिला भाषण करता येत नव्हतं, म्हणून तिने खरं सांगितलं.

"आतल्या गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत अकरा खांब हायेत. तीनच दिवे लागतात. वॉचमन साडेआठला जातो. मी फोन कानाला लावून चालते, पलीकडं कोणीच नसतं. मागच्या महिन्यात दोघं जण गाडीवर मागं आले, लई हळू. मी औषधाच्या दुकानात शिरून तासभर बसले. मामा नाक्यावर उभा राहतो, पहाटं त्याला ड्युटीला जायचं असतं. रोज निघताना वाटतं, उद्या नाय यायचं. अन् दुसऱ्या दिवशी..."

सुदर्शनने घंटी वाजवली. वेळ संपली होती.

पहिल्या बाकावरच्या दोघींनी डोळे पुसले. एवढं सगळं सोसून ही मुलगी रोज येते, यातच तिचं म्हणणं होतं. पण आम्ही माणूस ऐकायला थोडेच बसलो होतो? आम्ही मांडणी ऐकत होतो, आणि मांडणी अव्वल होती.

मतदान झालं. तनुजाला पंधरा, मला चार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बावरून सगळ्यांकडे बघत राहिली. "आता पत्र?" तिने विचारलं.

"आता ठराव," सुदर्शन म्हणाला. "अभ्यासिका सहाला बंद करावी."

"अरे, डोकंबिकं ठिकाणावर हाय का तुझं?" संघपाल ओरडला. "ती मदत मागायला आली!"

"आणि जिंकली. उद्या निकाल आवडला नाही म्हणून आपण फिरवला, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?" 'ते' कोण, हे आमच्याकडे कुणी कधी विचारत नसे. "आणि मंडळाचा ठराव झाल्यावर सभासदांना वेगळी सही करता येत नाही. शिस्त आहे."

"जळो ती तुझी शिस्त," असं म्हणून संघपालने त्याच कागदावर पत्र लिहिलं. खाली दोनच सह्या झाल्या, त्याची आणि तनुजाची. तिसरी माझी व्हायला हवी होती. मी इतिवृत्त लिहीत होते. खांब, दिवे, औषधाचं दुकान, सगळं शब्दन्‌शब्द उतरवलं, शिक्का मारला आणि शुक्रवारी सकाळी स्वतः नेऊन दिलं. उशीर होऊ नये म्हणून रिक्षा केली होती.

उत्तर मंगळवारी आलं. एकोणचाळीस ठरावांना कुणी विचारलं नव्हतं, चाळिसावा मात्र झेलला. 'विद्यार्थी मंडळाने बहुमताने केलेल्या मागणीनुसार, तसेच विद्यार्थिनी कु. तनुजा यांनी मांडलेल्या अनुभवांची दखल घेऊन' अभ्यासिका मुलींसाठी सहाला बंद. दिव्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, आणि संघपालच्या पत्राचा तर मागमूसही नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात तिचा होता आणि पुढे धरला आम्ही. सुदर्शनने नोटिशीचा फोटो स्टेटसला ठेवला. 'प्रशासन हलतं. हलवता आलं पाहिजे.' पन्नास जणांनी अभिनंदन केलं.

बुधवारी मी मुद्दाम अभ्यासिकेत गेले. काय करणार होते ते मला आजही सांगता येणार नाही. माफी मागायची असेल. पावणेसहाला तनुजा घाईघाईने आली, माझ्याकडे न बघता कोपऱ्यात बसली आणि पुस्तक उघडलं. सहाला साळूबाई मुलींच्या टेबलांवर टकटक करत निघाली. मुली उठल्या. दोघी-तिघी म्हणाल्या, "मावशी, एवढं पान होऊ द्या." साळूबाईने हातानेच 'बसा' म्हटलं.

तनुजाही म्हणाली, "मावशी, मला पण दहा मिनिटं."

साळूबाई थांबली. वाईट बाई नव्हती ती. इतकी वर्षं तिनेच पोरींना पाच-दहा मिनिटं सांभाळून दिली होती.

"त्यांना देते गं बाई," ती म्हणाली. "तुला कसं देऊ? कागदावर तुझंच नाव हाय. तूच मागितलं म्हणं."

तनुजाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकले असते, मावशी, हिने नाही मागितलं, हे आम्ही केलं. मी समोरच्या वहीची पानं उलटायला लागले. दोन वर्षं दर गुरुवारी बोलायचं शिकवणाऱ्या मंडळाची मी चिटणीस होते.

तिने पुस्तक पिशवीत घातलं आणि ती गेली. मुलांच्या बाजूच्या टेबलावरून सुदर्शनने मान वर केली, माझ्याकडे बघून ओळखीचं हसला आणि पुन्हा वाचायला लागला. त्याच्याकडे दहापर्यंतचा वेळ होता.