पेटीतला होकार

"आणखी मोठ्यानं," साहेब म्हणाले.

सत्यशीलानं पदर कमरेला खोचला, कापसाच्या जिनच्या अंगणापलीकडच्या चिंचेकडे तोंड केलं आणि पुन्हा ओरडली, "होऽऽ!" टिनांवरचे पारवे फडफडत उडाले. दाराशी उभ्या मजुरांपैकी कोणी हसलं नाही.

"ठीक आहे. कळवू."

ही तिची तिसरी खेप. कंपनी मोठी, मुंबईची. घाटंजीतल्या या जिनसारखे तिचे जिन गावोगाव होते, आणि दर खेपेला मुलाखतीला नवाच साहेब येई. पहिल्यानं धडा वाचायला लावला होता. दुसऱ्यानं विचारलं होतं, विहिरीत वाकून बघायला भीती वाटते का? जागा कशाची आहे, ते मात्र कोणीच सांगत नव्हतं; निघताना नुसतं 'कळवू' म्हणत.

ओसरीवर कौसल्या बसली होती. तीही नोकरीसाठीच खेपा घालत होती.

"तुले काय पुसलं वं?"

"ओरडाले लावलं."

"मले पुसलं, रातच्यानं झोप लागते काय? म्या म्हटलं, नोकरी द्या, मंग लागन." कौसल्या हसली. मग तिची नजर रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या शेडकडे गेली आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

त्याच शेडमध्ये सत्यशीलाचा भाऊ, धर्मपाल, कामाला होता. प्रेसच्या खोल लाकडी पेटीत उतरून तो पायांनी रुई तुडवायचा. रुई दबली की वरून प्रेसवाला विचारी, "पाय काढले?" आतला माणूस चढून बाहेर येई आणि म्हणे, "काढले." दांड्याशी उभ्या माणसाला पेटीच्या आतलं दिसत नसे, म्हणून ते ऐकल्याशिवाय दाब खाली आणणारा दांडा ओढायचा नाही, ही तिथली रीत. दिवाळीच्या तोंडावर दांडा ओढला गेला, तेव्हा धर्मपाल आतच होता. चौकशी झाली. उत्तर आलं होतं, असं प्रेसवाल्या नागोरावनं सांगितलं. म्हणजे चूक मेलेल्याचीच ठरली. तेव्हापासून पेटीत उतरायला कोणी तयार होईना. रिकाम्या पेटीतून आवाज येतो, म्हणत.

नागोराव त्यांच्याच वस्तीतला. भेटायला आला तेव्हा दारातच उभा राहिला.

"उत्तर आलंतं वहिनी, देवाशपथ."

"देव त आपन दीक्षा घेतली तवाच नदीत सोडले, नागोबापू," सत्यशीलाची माय तुळसाबाई म्हणाली. "आता कोनाची शपथ घेता?"

पुढे ठेवलेला चहा तसाच टाकून तो गेला. त्यानंतर त्या गल्लीनं तो कधी आला नाही.

दुसऱ्या साहेबानं आणखी एक विचारलं होतं. "भावाचा आवाज कसा होता?"

"मोठा होता. वावरातून हाक मारली का घरी ऐकू ये."

साहेब खूश झाला. शेवटच्या आठवड्यात भावाचा घसा पार बसला होता, हेही तिला सांगायचं होतं. छातीत रुईचं तूस गेलं होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. माय भाजीची पळी घेऊन वाकली की तो ताटाच्या काठावर बोटांनी दोनदा वाजवी. थांब. सकाळी सत्यशीला डबा घेऊन निघाली की चौकटीवर दोनदा. थांब, येतो. पण तेवढ्यात साहेबानं विहिरीचं काढलं, आणि ते सांगायचं राहून गेलं.

चौथ्या वेळी मुकादम बळीराम स्वतः बोलवायला आला.

"तुलेच घेतलं समज. काम वरचं हाये. खालचा बाहेर निघाला का पाह्याचं अन् तू म्हनाचं, काढले. त्याच्या घरचं मानूस उभं रायलं त पोरं उतरतीन, असं साहेबाले वाटते. आज रिकाम्या पेटीवर एकडाव म्हनून दाखव."

"आमी भूत मानत नाई, बळीरामदादा."

"तू नको मानू. पोरं मानतेत."

तुळसाबाई चुलीशी बसली होती. चुलीवर फक्त कण्या शिजत होत्या. ती लेकीला जा म्हणाली नाही, आणि नको असंही म्हणाली नाही.

प्रेसच्या तुळईला ताजं लिंबू बांधलं होतं. पेटीची एक फळी घासून घासून बाकीच्यांपेक्षा पांढरी पडली होती. सत्यशीला वर चढली. नागोराव दांड्यावर हात ठेवून उभा होता, तिच्याकडे न बघता. खाली साहेब, आणि त्यांच्यामागे उंबऱ्याच्या बाहेर सगळे मजूर.

"पाय काढले?" नागोरावनं विचारलं.

एक शब्द म्हटला की नोकरी तिची होती. तिनं पेटीत पाहिलं. तळाशी रुईचा एक पुंजका वाऱ्याशिवाय हलत होता. तिनं तोंड उघडलं, पण घशातून काहीच आलं नाही.

"पाय काढले?"

ती कधी वाकली, तिला कळलं नाही. बोटांची पेरं त्या पांढऱ्या फळीवर आपटली. दोनदा.

नागोरावचा हात दांड्यावरून घसरला. त्यानं फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे... काहून वाजवलं तू?"

"घसा बसला होता त्याचा, काका," ती कशीबशी म्हणाली. "घरी असंच वाजवून थांब म्हने."

नागोराव मटकन खाली बसला. त्यानं आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"असंच वाजलंतं," तो पुटपुटला. "दोन डाव. म्या समजलो, हो म्हनते."

"काय चाललंय वर?" खालून साहेब ओरडले. "उत्तर आलं की नाही?"

तुळईला धरून नागोराव उठला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"नाई आलं, साहेब," तो मोठ्यानं म्हणाला, दारातल्या मजुरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "त्या दिवशीबी नवतं आलं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. सत्यशीला शिडी उतरून निघाली तेव्हा मजुरांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. फाटकाशी पोचेपर्यंत, सवयीनं, तिचे कान मागेच होते.

'कळवू' असं या खेपेला कोणी म्हणालं नाही.