सोमवारचे चार मिलिमीटर

मार्च-एप्रिलमधल्या सलग सहा सोमवारी, सकाळी साडेआठच्या नोंदीला, येलदरी जलाशयाकाठच्या उद्यानातल्या पर्जन्यमापकात चार मिलिमीटर पाणी निघाले. त्या सहा आठवड्यांत आभाळात ढग नव्हता.

पर्जन्यमापक जुन्या इंजिनिअर बंगल्याच्या अंगणात, तारेच्या कुंपणात उभा आहे. निरीक्षक धम्मपाल जे दिसले ते लिहीत गेला. कार्यालयाने खुलासा मागवला: येत्या सोमवारपर्यंत कारण कळवावे, अन्यथा आपल्या अकरा वर्षांच्या नोंदी संशयास्पद धरल्या जातील.

धम्मपालने हिशेब मांडला. चार मिलिमीटर म्हणजे मापकाच्या या नरसाळ्याला ऐंशी मिलिलिटर. दव दर वेळी इतके नेमके पडत नाही. कोणीतरी मापाने ओतत होते. आणि बंगला लोकांना फक्त रविवारी खुला असे.

म्हणून रविवारी तो व्हरांड्यात बसून राहिला. टेकडीची पायवाट चढून मानवतचे एक कुटुंब आले.

"ह्यो कोणता देव हाय हो?" त्यातल्या गृहस्थाने पर्जन्यमापकाकडे बोट केले. "नवसाला पावतो का?"

"न्हाई. नुसता मोजतो."

"मग आमच्या हिच्यासारखाच की!" गृहस्थ म्हणाला, आणि बायकोने त्याला पुढे ढकलले.

कोणी कुंपणाला हात लावला नाही. साडेपाचला, माणसे पांगल्यावर, सुलाबाई पायवाटेने वर आल्या. दिनकररावांच्या पत्नी. दिनकररावांनी इथे एकोणतीस वर्षे पाऊस मोजला, धम्मपालला काम शिकवले, आणि ते फेब्रुवारीत वारले. सुलाबाईंनी पिशवीतून कान तुटलेला चहाचा कप काढला, बाटलीतले पाणी त्यात काठोकाठ भरले आणि कुंपणावरून हात घालून नरसाळ्यात ओतले.

"काकू, काय करायलाव हे?"

त्या दचकल्या नाहीत. "शून्य लिहून आले की त्या दिवशी रातचं जेवायचे न्हाईत रे ते. ताट तसंच ऱ्हायचं. म्हणून म्हनलं, आठवड्यातून एकदा तरी शून्य नसू दे."

"माझ्या नोकरीवर आलंय, काकू. खोटं पाणी हाय म्हणतेत."

"खोटं कसं? माझ्या रांजणातलं हाय."

धम्मपालने विचारले, "सर असते तर काय लिहिलं असतं?"

सुलाबाईंनी कप पदराने पुसला. नीट, आतून बाहेरून.

"शून्य," त्या म्हणाल्या. "आन् उपाशी झोपले असते. लिही तू. माझं नाव बी लिही, भिऊ नको."

कप पिशवीत ठेवून त्या उतरू लागल्या. उतारावर धम्मपालने हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

सोमवारी साडेआठला त्याने नोंद केली. पाऊस: शून्य. शेरा: मापकात चार मिलिमीटर पाणी. माजी निरीक्षक कै. दिनकरराव यांच्या पत्नी सुलाबाई यांनी काल सायंकाळी चहाच्या कपाने ओतले. मागील सहा सोमवारच्या नोंदींचे कारणही हेच.