चष्म्यासह पास

"मम्मा, दॅट्स माय हेअर जेल," अवनी दारातूनच म्हणाली.

सुचित्राने मान वर केली नाही. जेवणाच्या टेबलावर दोन पट्ट्या वेल्डिंगने जोडलेला लोखंडाचा तुकडा होता. यार्डातल्या केरूने भंगारातून काढून दिलेला. त्यावर लेकीचं जेल फासून ती खोडरबर पुढेमागे सरकवत होती, नागमोडी, मध्येच मनगट जरासं वळवत.

"जेल नसलं की यंत्र आणि लोखंडामध्ये हवा राहते. मग आवाज लोखंडात शिरतच नाही."

"इट्स अ रबर, मम्मा. देअर इज नो आवाज."

"असू दे गं," सुचित्राचा नवरा उपेंद्र सोफ्यावरून म्हणाला. "मी पेटी शिकणार होतो, तेव्हा पाटावर बोटं चालवायचो. शिकलो नाही, ती गोष्ट वेगळी."

आखातातल्या मुसफ्फ्यात, लोखंडी बांधकामाच्या यार्डात सुचित्रा डॉक्युमेंट कंट्रोलर होती. तिथे वेल्डिंगचा जोड आतून धड आहे की नाही, हे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने तपासतात. त्यालाच अल्ट्रासॉनिक टेस्टिंग म्हणतात. तपासायचे दुसरे, रिपोर्ट टाइप करायची ती. रत्नागिरीला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी पाहिलेलं टाइप करत बसली होती. एकदा चहाच्या वेळी क्वालिटी मॅनेजर सिद्धांत हसत म्हणाला, "ताई, तुम्हीच का नाही करत हा टेस्टिंगचा कोर्स?" तिने ते मनावर घेतलं. बाईने गंमत मनावर घेतली की पुरुषाची पंचाईत होते. त्याला तिचं नाव पाठवावंच लागलं. जागा एकच. सगळे कागद शुक्रवारी दुपारपर्यंत, नाहीतर जागा निनादला, नव्या इंजिनिअरला.

गणित अवनीने घेतलं. साठ अंशांचा टॅन काढला की सुचित्राचा आवाज जाड प्लेटमध्ये जेमतेम नखभर सरकायचा आणि बसायचा. "यू आर इन रेडियन्स," अवनीने बटण दाबून कॅल्क्युलेटर डिग्रीवर आणला. "बेसिक, मम्मा." पण शाळेच्या बसमध्ये हीच मुलगी मैत्रिणीला, हिबाला, सांगत होती की माय मॉम इज स्टडिंग साउंड इन स्टील. हिबाच्या आईने ते लिफ्टमध्ये सुचित्राच्या कानावर घातलं. त्या आनंदात त्या दिवशी भेंडी करपली आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

एवढ्या त्रिकोणांतून पार पडल्यावर कोर्सच्या कागदांतली डोळ्यांची तपासणी म्हणजे तिला नुसता शिक्का वाटत होता. म्हणून ती शेवटावर ठेवलेली, गुरुवारी संध्याकाळी. चष्मा तिला नव्हता. मोबाइल हातभर लांब धरून ती म्हणायची, "हल्ली अक्षरंच बारीक करतात मेले."

मोहम्मद बिन झायद सिटीतल्या क्लिनिकमध्ये मरियम नावाची केरळची मुलगी डोळे तपासायची. तिने कार्ड पुढे केलं. "मॅडम, सबसे छोटा पढ़ो."

सुचित्राने पाहिलं. तळाशी मुंग्यांची रांग होती. पण वरचा मोठा परिच्छेद ओळखीचा निघाला. यार्डातल्या तंत्रज्ञांची नजर दर वर्षी तपासतात, त्या वेळी हेच कार्ड असतं. ते लॅमिनेट करणारी ती, आणि एकेक जण वाचत असताना शेजारी सहीसाठी बसणारीही तीच. मुंग्यांकडे बघत तिचं तोंड आपोआप चालू लागलं. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत कुठे अडखळली नाही.

"बहुत अच्छा," मरियम म्हणाली. "चश्मा नहीं चाहिए. खलास." आणि तिने पेन उघडलं.

सुचित्राने पर्स उचलली. परत मांडीवर ठेवली. उद्या याच डोळ्यांनी स्क्रीनवरची बारीक रेघ वाचून क्रेनचा जोड पास करायचा, आणि त्या क्रेनखाली केरू मान खाली घालून ग्राइंडिंग करत उभा असणार.

"मरियम, रुको. मैंने पढ़ा नहीं. मुझे याद है."

मरियम हसली, तिने ड्रॉवरमधून दुसरं कार्ड काढलं. तिथे सुचित्रा वरून तिसऱ्या ओळीतच अडकली. भिंगं बदलत बदलत मुंग्यांची अक्षरं झाली खरी, पण सर्टिफिकेट तिच्या स्वतःच्या चष्म्यावर मिळणार, आणि चष्मा शनिवारी येणार.

गाडीत बसल्याबसल्या तिने सिद्धांतला फोन लावला.

"एक दिवसाचा तर प्रश्न, ताई," तो म्हणाला. "पण गेल्या वर्षी केरूच्या सर्टिफिकेटची मुदत संपून एकच दिवस झाला होता, तरी तुम्हीच त्याला कामावरून परत पाठवलं होतं."

"माहितेय. मी विचारत नाहीये, सांगतेय. निनादचे कागद उद्या सकाळी पाठवते. मला पुढच्या बॅचला घाल."

"इन्शाल्ला," सिद्धांत म्हणाला.

"इन्शाल्ला नको. घालतो म्हण."

"घालतो, ताई."

गाडी चालवणाऱ्या उपेंद्रने सिग्नलला विचारलं, "सांगितलं नसतंस तर?"

"तर पास झाले असते."

घरी गेल्यावर उपेंद्र अवनीला म्हणाला, "आज तुझ्या आईने काय केलं, विचार तिला." आणि तिने सांगायच्या आत सगळं स्वतःच सांगून टाकलं, दोन ठिकाणी वाढवून. अवनी ऐकत राहिली. मग उठून जेलची बाटली आईच्या पुस्तकांशेजारी ठेवून गेली.

शुक्रवारी निनाद फाइल घ्यायला आला, ओशाळलेला. "मॅडम, मॅथ्स खूप आहे का?"

"कॅल्क्युलेटर डिग्रीत आहे ना, तेवढं बघ," ती म्हणाली. फाइल त्याच्या हातात देताना तिची बोटं कव्हरावर क्षणभर राहिली.

शनिवारी चष्मा आला. मरियमने नवं कार्ड वाचून घेतलं आणि सर्टिफिकेटवर लिहिलं, चष्म्यासह पास. बाहेर पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. गाडीकडे जाता जाता सुचित्रा शेडच्या खांबापाशी थांबली. खांबाच्या जोडावर वेल्डिंगच्या लहरी होत्या, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या. गुरुवारी इथून जाताना तिला तिथे नुसता फुगवटा दिसला होता. कुणीतरी उन्हात बसून मन लावून केलेलं काम होतं. एका जागी त्याचा हात हलला होता. तिथे तिने बोट ठेवलं. लोखंड पोळत होतं.

उपेंद्रने काच खाली केली. "यल्ला, चल सुचित्रा. एसी चालू आहे."

"आले," ती म्हणाली, आणि खांबाची दुसरी बाजू बघायला वळली.