वाऱ्याला गाव विचारू नये

सुंबुल खालानं जेवण सोडलं तेव्हाच वस्तीला कळलं, हिचं वारं उठलंय.

वारं तिच्या अंगात जुनंच होतं, लग्नाच्याही आधीचं. वर्षातून एकदा बकरा कापायचा, ढोल वाजवायचे, बोटात चांदीची अंगठी घालायची, की वारं गप. बेटावर अशी माणसं घराघरात. त्यात कुणी लाजत नाही. पण या उन्हाळ्यात खाला टळटळीत दुपारी उठायची आणि ओहोटीच्या चिखलातून सरळ चालत सुटायची, पाण्यात उभ्या असलेल्या खारफुटीच्या रानाकडं. दोनदा कोळ्यांनी धरून आणली. भरती आली असती तर हाताला लागली नसती.

अल्मास बंदराच्या शहरातून धावत आला. तिचा भाचा. आई गेल्यावर खालानंच, या मावशीनंच, लहानाचा मोठा केलेला. आला तो एका हातात औषधं आणि दुसऱ्या हातात रेकॉर्डर घेऊन.

"मला बघायला आलास का ऐकायला?" खालानं खाटेवरूनच विचारलं.

"दोन्ही."

"खोटं तरी बोलायचंस, मेल्या." बेटावरच्या बायका घालतात त्या निळीच्या कापडी मुखवट्याआडून ती हसली. मुखवट्याची नीळ तिच्या नाकावर उतरली होती. गालाची हाडं पार वर आलेली.

अल्मास विद्यापीठात इतिहास करायचा. इतिहास म्हणजे राजेबिजे नाहीत. त्याचा प्रश्न एकच, आपली काळी माणसं या किनाऱ्यावर आली कुठून? समुद्रापलीकडून, गलबतांत कोंबून, विकायला, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कुठल्या गावातून? आणणाऱ्यांनी डोकी मोजली, गावं कोण लिहितो! नावंसुद्धा त्यांनीच ठेवली, अत्तरांची आणि रत्नांची. सुंबुल, अंबर, अल्मास. माल छान वाटावा म्हणून. मग कागद गप्प असले की इतिहासवाला काय करणार? तोंडं ऐकणार. वल्ह्याची गाणी, अंगाया, म्हाताऱ्यांच्या शिव्या. ती समुद्रापलीकडची भाषाही तो त्यासाठीच शिकला. आणि एक नियम पाळायचा. एकमेकांना कधीच न भेटलेल्या तीन तोंडांतून एकच गोष्ट आली तर ती खरी धरायची.

त्याच्याकडं दोन तोंडं होती. एका म्हाताऱ्या खलाशाच्या गाण्यात एक शब्द होता, मकुंगुनी. दूरच्या दुसऱ्या बंदरात एक बाई नातवाला झोपवताना तोच शब्द म्हणायची. अर्थ दोघांनाही माहीत नव्हता. 'असंच म्हणायचं असतं,' म्हणाले. अल्मासला वाटायचं हे गाव आहे, आपलं गाव. तिसरं तोंड मिळेना म्हणून तो वर्षानुवर्षं अडकला होता.

"खाला, तुझं वारं ती भाषा बोलतं ना?"

"बोलतं की. मला काय कळतंय! तोंड माझं, भाडेकरू दुसराच."

वारं बसवायला बाबा सालमीन आला. एरवी जाळी विणणारा, हाडकुळा, तांबारलेल्या डोळ्यांचा म्हातारा. त्यानं रेकॉर्डरवर हात ठेवला.

"हे राहू दे. पण एक ऐक. वाऱ्याचं नाव विचारायचं, ते मी विचारतो. काय हवंय ते विचारायचं, तेही मीच. गाव कुणी विचारायचं नाही."

"का?"

"माझ्या बापानं विचारलं नाही. त्याच्या बापानं नाही."

"हे काय उत्तर झालं, बाबा?"

"तुला नाही वाटणार. आम्ही याच्यावर जगलोय."

दुपारच्या नमाजानंतर बैठक बसली. खिडक्यांना चटया लावल्या. खालावर पांढरी चादर टाकली. ऊद जळत होता, ढोल सुरू झाले, बायका डोलायला लागल्या. चादर आधी नुसती थरथरली, मग तिच्यातून आवाज आला. खालाचा नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरीचा. आणि भाषा समुद्रापलीकडची.

"नाव?" बाबानं त्याच भाषेत विचारलं.

"मातूरी."

"काय हवंय, मातूरी? बकरा? अंगठी?"

चादर गप्प. बाबानं पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. ढोल फुटेस्तोवर वाजत होते. अल्मासच्या छातीत तो शब्द टकटक करत होता. तिसरं तोंड हाताच्या अंतरावर होतं. मावशी आजारी आहे, हे त्या घडीला त्याच्या डोक्यात नव्हतंच. खरं ते खरं.

"तुझं गाव कुठलं?" तो बोलून गेला.

ढोल थांबले. कुणी थांबवले नाहीत, हातच थांबले. चादरीखालचं तोंड हळूहळू त्याच्याकडं वळलं. उदाचा वास मेला आणि खोलीभर लवंगांचा वास सुटला.

"मकुंगुनी," पोर म्हणाली. आणि मग बोलतच राहिली. "आंब्याखाली विहीर आहे. पाणी गोड. आई पाणी शेंदत होती आणि मला मागून उचललं. चालत सुटायचे, पण कुठं जायचं ते विसरले होते. कुणी विचारलंच नाही ना इतकी वर्षं. बरं चाललं होतं. आता आठवलं." चादर उठून बसली. "आता मी घरी जाते."

खाला कोसळली ती दिवस मावळला तरी शुद्धीवर आली नाही. त्या रात्री अल्मासनं दाराला आतून कडी घातली आणि पाठ लावून बसला. डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी कडी तशीच होती. खालाचे पाय घोट्यापर्यंत ओल्या चिखलानं भरले होते.

बाबा सालमीन ते पाय बघत उंबऱ्यावर बसला.

"विसरलेलं वारं घरात राहतं, पोरा. आठवलेलं वारं घरी निघतं. आणि वाऱ्याला पाय नसतात. ते घोड्यावर बसून जातं. घोडा कोण ते तू बघतोयसच."

"मी नेतो ना खालाला तिथं! गलबत करतो, विमान करतो!"

"त्या पोरीनं गलबत एकदाच बघितलंय. परत बसेल ती? म्हणून तर चालत निघालीय." बाबानं पायावरचा चिखल बोटानं खरवडला. "उद्या पौर्णिमेची भरती आहे. आज ही थांबली पाहिजे."

"उपाय सांगा."

"ज्यानं गाव विचारलं त्यानं वारं अंगावर घ्यायचं. तू तरणा घोडा आहेस, दमानं नेशील. भाषा येते तुला, समजूत घाल तिची. ऐकलं तर ऐकलं."

"आणि नाही ऐकलं तर?"

बाबानं चादर झटकली आणि त्याच्यापुढं धरली.

अल्मासनं खालाकडं बघितलं. मुखवटा काढलेला होता. लहानपणी त्याला तापात मांडीवर घेऊन बसायची, तेव्हाचाच तो चेहरा. तो चादरीखाली शिरला.

पुढचं त्याला आठवत नाही. संध्याकाळी जाग आली ती खालाच्या आवाजानं. ती भिंतीला टेकून भाकरीला माशाचं कालवण लावून खात होती. "मीठ कुणी घातलंय यात? समुद्र ओतलाय मेल्यांनी!" वस्तीतल्या बायका रडत हसत होत्या.

अल्मासच्या तोंडात लवंगांची चव होती. त्यानं रेकॉर्डर लावला. आदल्या दिवसाची बैठक. ढोल, बाबाचा आवाज, मग त्याचा स्वतःचा, 'तुझं गाव कुठलं?' आणि पुढं नुसता वारा. मोकळ्या मैदानावर वाहतो तसा, शेवटपर्यंत. त्यानं खलाशाचं गाणं लावलं. गाणं होतं, पण जिथं तो शब्द यायचा तिथं वारा. घाम पुसत त्यानं अंगाई लावली. तिथंही वाराच.

रात्री त्यानं खलाशाच्या घरी फोन करून गाणं म्हणायला लावलं. म्हाताऱ्यानं म्हटलं आणि मध्येच अडखळला. "इथं काहीतरी होतं बघ. गेलं डोक्यातून."

तिन्ही तोंडांतून ती पोर निघून आली होती. सगळं सामान आवरून एका ठिकाणी. आता शब्द एकाच तोंडात उरला होता, अल्मासच्या. आणि एका तोंडाचं काही खरं धरायचं नसतं, हा त्याचाच नियम. कुणाला दाखवणार? त्याला विहिरीचा काठ दिसत होता. दोराच्या घासानं पडलेली खाच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पौर्णिमेची भरती चढत होती. अल्मास उठून दाराकडं चालायला लागला. दारात खाला आडवी बसली होती, लोखंडी कांब मांडीवर घेऊन. आता पहाऱ्याची पाळी तिची होती. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि आवाज एकदम मऊ केला, पोरीबाळींशी बोलावं तसा.

"काय हवंय गं तुला?"

"पाणी," अल्मासच्या तोंडून पोरीच्या आवाजात आलं, या वेळी खालाला कळेल अशा भाषेत. "विहिरीचं."

बेटावर विहीर नाही. पावसाच्या पाण्याची टाकी आहे, तीही खारट.

"कुठल्या—" खाला म्हणाली, आणि पुढचं बोलायच्या आत तिनं मुखवट्यावरूनच तोंडावर हात दाबून धरला.