आपणहून पडणारी माणसं

सासऱ्यांच्या आयकिडो या जपानी युद्धकलेच्या वर्गात सुनेने कुणाला हात लावायचा अवकाश, की गडी आडवा! पडताना मार बसू नये म्हणून गादीवर तळवा आपटतात. ती थापसुद्धा अशी खणखणीत, की बघणाऱ्याला वाटावं, काय ताकद आहे बाईच्या मनगटात! ताकद कसली, डोंबलाची! गुडघे कुरकुरायला लागल्यापासून सासरे वर्ग तिच्या हाती सोपवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग होणाऱ्या मास्तरणीशी वाकडं कोण घेईल?

तिला मात्र ही शंका आतून कुरतडत होती. आपल्याला येतं की नाही हेच माहीत नाही, तर दुसऱ्याला शिकवायचं काय, कपाळ?

वर्ग हाती घेण्याआधीच्या शेवटच्या परीक्षेत वर्गातलेच तिघं एकदम अंगावर येणार होते: बेकरीवाला, वायरमन आणि नणंद. सासरे भिंतीशी खुर्ची टाकून बसले. पहिला बेकरीवाला धावून आला. तिने मुद्दाम काहीच केलं नाही, नुसती बाजूला सरकली. तरी हा पठ्ठ्या कोलांटी घेऊन पडला. वर थापही मारली.

"अहो, मी हात तरी लावला का?" ती कडाडली. "आता कुणी आपणहून पडलं, तर हा वर्ग मी घेणार नाही. बाबा, तुम्हालाही सांगून ठेवते."

नणंदेने बाह्या सरसावल्या. "वहिनी, मग रडायचं नाही हं."

आता मात्र तिची पाचावर धारण बसली. वायरमनने मनगट असं आवळलं, की बोटं बधिर झाली. मागून बेकरीवाला येत होता. 'मधे सापडलात की मेलात,' हे सासऱ्यांचं जुनं पालुपद. ती गुडघ्यांत वाकली, वळली आणि धरलेल्या हातासकट वायरमनला तिने बेकरीवाल्याच्या वाटेत आणून उभं केलं. दोघं एकमेकांवर आदळले, मनगट सुटलं आणि ती कडेला निसटली. तेवढ्यात नणंद झेपावली. सुनेने तिला वाट दिली, मानेमागे हात ठेवून तिच्याच वेगात गोल फिरवली आणि सोडली.

धप्प! थाप नाही. थाप मारायला नणंदेला वेळच मिळाला नव्हता.

नणंद छताकडे बघत पडून राहिली. सून तिच्याकडे धावली.

"वन्सं, लागलं का हो?"

"लागलं तर!" नणंद म्हणाली. "पण अगं वहिनी, मी पडले कशी?"

सुनेने हात पुढे केला. "उठा, दाखवते."