गेरहार्डकाकांचा कोपरा

रोज सकाळी प्रार्थना झाली की मी माझं व्रत पुन्हा मनाशी म्हणते: आज माझ्यासमोर कुणी एकटं राहू नये. या व्रतापायी मी विमा विकणाऱ्यांना जेवायला बसवलं आहे, अनोळखी लग्नांत नवरदेवाच्या बहिऱ्या मावशीशेजारी बसले आहे. त्याने देशाच्या राजकारणाला काही होईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

त्या जानेवारीत आमच्या नॉर्डालच्या चर्चच्या तळघरात पक्षाची सभा होती. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला आम्ही आयोवाची माणसं चिठ्ठ्या टाकत नाही. कोपऱ्याकोपऱ्यात इच्छुकांच्या नावांचे कागद लावतात. आपण आपल्या माणसाच्या कागदाखाली उभं राहायचं, मग डोकी मोजतात. ज्या कोपऱ्यात अगदीच थोडी डोकी, तो मोडतो; उरलेले आपापला प्रतिनिधी पुढे पाठवतात.

माझी थोरली बहीण मर्नाताई इच्छुकांपैकी गव्हर्नरसाहेबांच्या बाजूची. तिला आयुष्यात एकदा प्रतिनिधी होऊन पक्षाच्या मोठ्या अधिवेशनाला जायचं होतं. त्यासाठी निळा लोकरी कोट शिवून ठेवला होता. दर निवडणुकीत तिचा माणूस पडायचा आणि कोट कपाटात परत जायचा.

"या खेपेला कोट जाणार म्हणजे जाणार," ती म्हणाली. "तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा. व्रत घरी ठेवून ये."

"बरं," मी म्हटलं.

सगळं गाव गव्हर्नरांच्या कोपऱ्यात जमलं. कॉफीची किटलीही तिथेच होती. समोरच्या कोपऱ्यात डॉक्टर प्रुएट यांचा कागद होता. हे नेब्रास्काचे दातांचे डॉक्टर. उभ्या जन्मात एकही निवडणूक लढवलेली नाही, आणि प्रचाराची घोषणा काय, तर 'थोडं दुखेल'. त्यांच्या कागदाखाली एकटे गेरहार्डकाका, टोपी हातात घेऊन, जमिनीकडे बघत उभे. पानगळीत त्यांची बायको इंगा वारली होती.

"ताई, काका एकटेच आहेत गं."

"त्यांचं मत आहे ते. असू दे."

"लिंबाची वडी तेवढी देऊन येते."

वडी दिली, पण परत फिरणं जमेना. काकांनी हळूच विचारलं, "तुलाही?"

"हो, मलाही."

"मग तू हो पुढे."

"छे, तुम्ही आधी आलात."

आम्ही दोघंच उभे, हे समोरच्या लोकांना बरं दिसेना. आधी चर्चमध्ये गाणाऱ्या बायका आल्या. गाडीच्या किल्ल्या बायकांकडे, म्हणून त्यांचे नवरे आले. इकडच्यांना कॉफी नाही म्हणून कुणीतरी किटली आणली, आणि किटलीमागून उरलेले सगळे आले.

एवढ्यात काकांच्या पाठीमागचं दार उघडलं आणि सभेचे अध्यक्ष हॅल्वर सर हात पुसत बाहेर आले. "आला बाबा एकदाचा," म्हणत काका आत गेले आणि कडी लावली.

सगळ्यांनी दारावरची पाटी वाचली.

"म्हणजे ही संडासाची रांग होती?" कुणीतरी विचारलं.

"मी तर सॉल्वेगकडे बघून आले," माझ्याकडे बोट दाखवत दुसरी म्हणाली.

"चला मग परत."

"आता? त्या डॉक्टरला काय वाटेल?"

"तो कुठे इथे आहे?"

"म्हणून काय झालं?"

सरांनी डोकी मोजायला सुरुवातही केली होती. मी समोर पाहिलं. गव्हर्नरांच्या कागदाखाली निळ्या कोटात मर्नाताई, हनुवटी वर करून, एकटी.

मी तिच्याकडे गेले.

"दया करायला आलीस?"

"व्रत आहे."

"घरी ठेव म्हटलं होतं ना तुला."

"ऐकलं नाही ते. आलं माझ्यामागे."

ताईने नाक ओढलं. सर आमच्याजवळ येऊन म्हणाले, "दोघींचा कोपरा धरता येत नाही हो. तिकडे या, नाहीतर घरी जा."

आम्ही तिकडे गेलो. आता डॉक्टरांचा प्रतिनिधी निवडायचा होता. "तुम्ही जा." "छे छे, तुम्हीच." "मला कुठलं जमतंय, तुम्ही जा." हे इतकं चाललं की काका बाहेर आले. त्यांनाही विचारलं. "मला नको," काका म्हणाले. "माझं झालं."

"मी जाते," मर्नाताई म्हणाली. गव्हर्नरांचा बिल्ला कोटात घट्ट रुतला होता. तो ओढताना तिचा चेहरा वाकडा झाला.

"थोडं दुखेल," मी हळूच म्हटलं.

"गप्प बस," ती म्हणाली, पण हसली.

राज्यात डॉक्टर पाचवे आले. पण एक अख्खं गाव एकमुखाने त्यांच्यामागे गेलं, याचीच बातमी झाली. टीव्हीवर एक विद्वान म्हणाले, हा जनतेचा मूक संताप आहे. पुढची फेरी न्यू हॅम्पशायर राज्यात, तिथे डॉक्टर दुसरे आले, नंतर पहिले येत राहिले, आणि मर्नाताई पायरी पायरीने वर चढत भर उन्हाळ्यात अधिवेशनाच्या मंचावर पोहोचली. घामाने निथळत होती, पण कोट काढला नाही.

काका आता आमच्याकडेच जेवतात. त्या रात्रीही ताट मांडीवर घेऊन ते टीव्हीवर अधिवेशन बघत होते. डॉक्टरांनी उमेदवारी स्वीकारून हात उंचावला, तसे काका पुढे वाकले.

"मर्ना छान दिसतेय," ते म्हणाले. "पण तिच्यापुढे उभा आहे, तो माणूस कोण?"