हुलग्याचं तीर्थ

"फाटलं! रगात फाटलं!" लोणी भापकरच्या देवळापुढं एकच ओरडा झाला. फरशीच्या एका पांढऱ्या तुकड्यावर माझ्या वहिनीच्या, दिशाच्या, रक्ताचा थेंब होता. महाराजांनी त्यावर बाटलीतलं तीर्थ टाकलं, तुकडा हलवला, आणि रक्त नासक्या दुधासारखं गोळागोळा झालं. शेजारचा तिच्या नवऱ्याचा, इंद्रजितदादाचा, थेंब मात्र तेच तीर्थ पडूनही जसाच्या तसा.

"हिच्या रक्तात करणी हाय," महाराज डोळे फिरवत म्हणाले. "ब्रह्मांडाची लहर सांगतीया, अमावास्येच्या आत हिला माहेरी घालवा!" वा रे लहर! एवढ्या ब्रह्मांडात तिला आमच्याच घरची सून दिसली!

"आजच कळंबला सोडा हिला," आई म्हणाली. दादा मान खाली घालून उभा होता.

मी पुण्याला प्रयोगशाळेत रक्तपेशींवरच्या साखरेचाच अभ्यास करते. पुढं होऊन तीर्थ जिभेला लावलं. खारट, आणि कच्च्या हुलग्याचा वास. असलंच पाणी दिवाळीत आमच्या ओट्यावर मी केलं होतं, दादाला गंमत दाखवायला.

"आई, बोट दे."

नवी सुई, आईचा थेंब, तेच तीर्थ. आईचंही रक्त गोळा झालं.

"आता आईलाबी माहेरी घालवायचं का, महाराज?"

महाराज पिशवी आवरायला लागले.

"ऐका," मी लोकांना म्हणाले. "तांबड्या पेशीच्या अंगावर साखरेचे बारीक तुरे असतात. ए गटाची साखर निराळी. हुलग्यातलं एक प्रथिन नेमकं तिलाच धरतं आणि पेशी एकमेकींना बांधतं. आई आणि वहिनी ए गटाच्या, दादा बी गटाचा. करणी न्हाय, काय न्हाय. हुलगं वाटून मिठाच्या पाण्यात भिजवा, गाळा, झालं तीर्थ."

मग दादाकडं वळले. "वहिनीचा गट तुला ठाऊक होता. ह्या महाराजाला तूच शिकवलंस?"

"राजू, हितं नको," तो पुटपुटला. "सोडचिठ्ठी मागून मागून दमलो. देत न्हवती."

'माझी भन शास्त्रज्ञ हाय' म्हणत गावभर मिरवायचा हा! माझंच शास्त्र घेतलं आणि बायकोच्या गळ्याला लावलं. मला रडूच आलं, आणि रडताना लाज वाटली नाही.

आईनं वहिनीचा हात धरला. "दिशा, चल घरी."

"न्हाय, आत्या. मघाशी तुमीच जा म्हणला. आता मी माझ्या पायानं जाते."

मी तिला कळंबला सोडायला निघाले. जाताना लोकांना एवढंच म्हणाले, "चमत्कार दिसला की आधी बाटलीत काय हाय ते विचारा. आणि बाटलीवाल्याच्या मागं आपल्याच घरचं कोण उभं हाय, तेबी बघा."